एका दिवसात उंच धबधबा करून यायचाय? आधी परतीची वेळ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की चौघं मिळून डोंगरातल्या एका उंच धबधब्याला एका दिवसात जाऊन यायचंय, ॲप म्हणतं येऊन-जाऊन १६ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ, तिघं अधूनमधून ट्रेक करतात आणि चौथा अगदीच नवीन आहे, तर सकाळी ९ ला निघालो तर ५-६ तासात आटपेल ना, कुठल्या दिवसात पाणी जास्त असतं, बूट कसले घ्यायचे आणि दोरी न्यायची का.

लगेच उत्तर हवं असेल तर, ५-६ तासात होणार नाही, ९ ला निघू नका आणि दोरी घरीच ठेवा. आता सविस्तर लिहितो, कारण गेली वीसेक वर्षं मी लोकांना असल्या ठिकाणी घेऊन जातोय आणि चुका त्याच त्याच होतात, त्यातल्या निम्म्या तर मी स्वतः करून बसलोय.

आधी वेळेचं बघू, बाकी सगळं त्यालाच लटकलंय. १८९२ मध्ये विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा सांगितला तो अजून वापरतात, सपाटीला तासाला ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास टाकायचा (त्याने सांगितलं होतं ते मैल आणि फुटात, ३ मैल आणि २००० फूट). तुमच्या आकड्यांना लावून बघा, १६ किलोमीटरचे ३ तास १२ मिनिटं, ९०० मीटरचा दीड तास, झाले ४ तास ४२ मिनिटं. इथेच माणूस खूश होतो आणि म्हणतो पाच तासात होतंय की! पण हा हिशोब सरावाच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे, त्यात पाणी प्यायला थांबणं नाही, ओढ्यापाशी बूट काढू का नको ही चर्चा नाही, आणि उतरणं म्हणजे जणू सपाटीवर चालणंच असं धरलंय. उताराचं पुढे गिर्यारोहक एरिक लँगमुइर यांनी दुरुस्त केलं, उतार तीव्र असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा, म्हणजे तुमचा अजून अर्धा तास. झाले ५ तास १२. एक जण नवीन आहे आणि वाट ओली असणार म्हणून याला मी १.३ ने गुणतो, पावणेसात. तासाला १० मिनिटं बूड टेकायला, म्हणजे पावणेआठ-आठ. आणि एवढं मरमरून गेल्यावर धबधब्यापाशी तासभर तरी बसणारच ना? नऊ तास धरा.

मी उगाच घाबरवतोय असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या योसेमिटी धबधब्याचं उदाहरण घ्या. एकूण उंची ७३९ मीटर, त्याच्या माथ्यावर जाणारी वाट येऊन-जाऊन साधारण ११.६ किलोमीटर आणि चढ ८२० मीटरच्या आसपास. नाइस्मिथने हिशोब केला तर ३ तास ४० मिनिटं येतात. तिथले पार्कवाले स्वतः सांगतात ६ ते ८ तास. आणि ती वाट नीट बांधलेली, पाट्या लावलेली आहे बरं का. तेव्हा धबधब्याच्या वाटेला कोऱ्या हिशोबाच्या दीडपट-दुप्पट वेळ लागतो हे डोक्यात बसवूनच प्लॅन करा.

आता हा प्लॅन करायचा शेवटाकडून. त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळतो ते बघा, समजा साडेसहा. घळीत किंवा दरीत असाल तर ऊन कड्यामागे त्याच्या तासभर आधीच जातं आणि झाडी असेल तर खाली अंधारून येतं. म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी, साडेचारला, गाडीपाशी पोचायचं असं धरायचं. हे दोन तास म्हणजे तुमची शिल्लक, कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, ओढा फुगला की त्यातून खर्च होणार. साडेचारातून नऊ तास मागे आलात की साडेसात वाजतात, म्हणजे साडेसात ही निघायची उशिरातली उशिराची वेळ झाली. मी अशा ट्रेकला सहा-साडेसहाला पहिलं पाऊल टाकतो, कारण चार माणसं म्हटली की एकाची सॅक पुन्हा भरायची असते, एकाला पोट साफ झालं नाही म्हणून परत जायचं असतं आणि एक जण गाडीतच झोपलेला असतो.

आणि एक वेळ अजून ठरवायची, तीच जास्त महत्त्वाची, वळायची वेळ. वरच्या हिशोबात जायला साधारण पावणेपाच तास आणि यायला सव्वातीन तास पडतात. साडेचारला खाली हवं म्हणजे सव्वाएकला तरी धबधबा सोडायला पाहिजे. मग सरळ ठरवून टाका, दुपारी एक वाजला की आपण असू तिथून परत. ही वेळ आदल्या रात्री चौघांनी मोठ्याने बोलून ठरवायची, तिथे गेल्यावर नाही. कारण होतं काय की पावणेएकला तुम्ही एका वळणावर असता, पाण्याचा आवाज छान ऐकू येत असतो आणि वाटतं हे काय आलंच. उंच धबधब्याचा आवाज लांबून येतो, तो सरळ रेषेत येतो आणि तुम्ही मात्र दोन सोंडा वळसा घालून जाणार असता. आवाज ऐकून 'अजून दहा मिनिटं' म्हणालेले लोक मी पाऊण तास चालताना बघितलेत. त्यात मी पण होतो एकदा.

नकाशाकडे या आता. ॲपवरचे १६ आणि ९०० हे दोन आकडे सोडून चढाचा आलेख उघडा. सरासरी काढली तर ८ किलोमीटरला ९०० मीटर म्हणजे फार काही वाटत नाही. पण धबधब्याच्या वाटा सरासरीत नसतात. धबधबा कड्यावरून पडतो, कडा दरीच्या टोकाला असतो, त्यामुळे वाट बराच वेळ ओढ्याच्या काठाने लाडात नेते आणि शेवटी एकदम भिंतीला भिडते. पहिल्या ५ किलोमीटरला २०० मीटर आणि उरलेल्या ३ किलोमीटरला ७०० मीटर, असा प्रकार. नवखा माणूस पहिल्या टप्प्यात जोशात पुढे पळतो आणि दुसऱ्यात बसकण मारतो, ते यामुळेच.

कंटूरचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मिळत असेल तर वाट ओढे कुठे-कुठे ओलांडते ते मोजा. कंटूर रेषा ओढ्यापाशी टोकदार होतात आणि ते टोक पाणी येतं त्या बाजूला, म्हणजे वरच्या अंगाला असतं, सोंडेवर उलटं, टोक खालच्या अंगाला. हे एकदा लक्षात आलं की वाटेवर प्रत्येक ओलांडणीला कागदावर खूण करता येते. तीन ओलांडण्या असतील तर येताना पण त्याच तीन आहेत हे विसरू नका, आणि येताना पाणी सकाळइतकंच असेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. यावर पुढे लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

त्याआधी एक प्रश्न, तुम्हाला जायचंय कुठे, पायथ्याला का माथ्याला? हे दोन वेगळे ट्रेक आहेत आणि बरेच जण हे न बघताच निघतात. पायथ्याहून धबधबा पूर्ण दिसतो, अंगावर तुषार येतात, फोटो मिळतात. माथ्यावरून दरी दिसते, धबधबा मात्र दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे असता आणि तो बघायला जे वाकावं लागतं तेच जिवावर बेततं. माथ्यावरचा ओढा शांत दिसतो, घोट्याएवढं पाणी, गुळगुळीत कातळ, लोकांना वाटतं पाय बुडवू या. त्या कातळावर पातळ शेवाळ असतं, एकदा घसरलात की पकडायला काही नाही आणि पुढे कडा. माझा नियम सोपा आहे, माथ्यावर पाण्यात पाय नाही आणि कड्यापासून आडव्या झोपलेल्या दोन माणसांइतकं अंतर. तुमच्यात एक नवीन आहे, पायथाच धरा.

दक्षिण आफ्रिकेत ड्रेकन्सबर्ग डोंगररांगेत टुगेला म्हणून जगातल्या सगळ्यात उंच धबधब्यांपैकी एक आहे, तो बहुतेक लोक एका दिवसात माथ्याकडूनच करतात आणि वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. तिथे उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी वादळं नेहमीची. लोखंडी शिडी आणि दुपारची वीज, म्हणजे तिथे लवकर निघणं हा काही शिस्तीचा सोपस्कार नाही, शिड्या वादळाच्या आत उतरून व्हायला पाहिजेत एवढा साधा हिशोब आहे. विजेचं एक मोजमाप लक्षात ठेवा, चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदाच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, उघड्या सोंडेवरून, एकट्या झाडाखालून आणि पाण्यातून तेव्हाच निघायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उघड्यावर यायचं नाही.

आता सीझन. पाणी जास्तीत जास्त कधी असतं असं विचारलंत, पण मी म्हणेन जास्तीत जास्त असतं तेव्हा जाऊच नका. जे पाणी धबधब्याला देखणं करतं तेच वाटेवर उतरतं, ओढा फुगवतं, दगड सैल करतं. पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी धार भरलेली असते आणि वाट माणसात आलेली असते, तो काळ पकडा. उलट टोक पण आहे, पुष्कळ उंच धबधबे हंगामी असतात, वर पाणलोट एवढासा असतो. तो योसेमिटीच बघा ना, मे महिन्यात बर्फ वितळून गर्जत असतो आणि ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळा कोरडा ठक्क. मागच्या आठवड्यातले ताजे फोटो बघा, आणि फोटो किती तारखेचा आहे ते पण बघा, लोक चार वर्षांपूर्वीचा फोटो आजच्यासारखा टाकतात.

पाणी कुठून येतंय ते माहीत पाहिजे. बर्फ वितळून येणारा ओढा पहाटे कमी असतो, ऊन चढलं की वाढत जातो आणि दुपारनंतर-संध्याकाळी सगळ्यात जास्त असतो. म्हणजे जाताना घोट्याला लागलेलं पाणी येताना मांडीला लागू शकतं, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. पावसाचा ओढा वेगळा, तो वर कुठेतरी पाऊस झाला की खाली उन्हातसुद्धा फुगतो आणि काही वेळा मिनिटांत फुगतो. खुणा असतात, स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो, आधी दिसणारा एखादा दगड दिसेनासा होतो. यातली एक जरी दिसली तरी सामान गोळा करत बसू नका, आधी ओढा सोडून सरळ काठ चढून वर व्हा, ओढ्याच्या कडेकडेने खाली पळू नका.

मला हे कसं कळलं ते सांगतो. एका ट्रेकला सहा जण होतो, सकाळी सात वाजता एक ओढा ओलांडला, नडगीएवढं पाणी, बूट काढायचा पण कंटाळा केला. दुपारी साडेतीनला परत आलो तर तोच ओढा मांडीपर्यंत आणि मधल्या पट्ट्यात पाणी नुसतं धावत होतं. पलीकडे शंभर पावलांवर पायवाट दिसत होती आणि गाडी तिथून अर्ध्या तासावर. एक जण म्हणाला हाताला हात धरून जाऊ, आणि खरं सांगतो मी पण हो म्हणणार होतो. मग आमच्यातल्या सगळ्यात गप्प बाईंनी एक काठी पाण्यात सोडली, ती कुठे जाते ते आम्ही बघितलं, चाळीस पावलांवर दोन दगडांच्या मधे घुसून गायब. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आम्ही खालच्या अंगाला पाऊण तास शोधत गेलो, जिथे ओढा पसरट होऊन तीन फाट्यांत फुटला होता तिथून ओलांडला, गाडीपाशी हेडलॅम्पच्या उजेडात पोचलो. सहा जणांत दोन हेडलॅम्प होते. त्या दिवसापासून 'माणशी एक' हा नियम झाला आणि मोबाईलचा टॉर्च त्यात मोजायचा नाही, कारण एक हात त्यात अडकतो आणि बॅटरी पण तीच.

ओढा ओलांडण्याबद्दल एवढं पक्कं करा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, वेग दुप्पट झाला तर ढकलणं चौपट, म्हणून खोली एकटी बघून चालत नाही. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही म्हणजे नाही. अरुंद जागा बघून लोक तिथून जातात, वास्तविक तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं, रुंद आणि पसरट जागा शोधा. पाय निसटला तर वाहून कुठे जाऊ ते आधी बघा, खाली धबधबा, अडकलेले ओंडके किंवा अरुंद घळ असेल तर ती जागा बाद. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल, बूट घालूनच उतरा, तोंड पाणी येतंय त्या बाजूला थोडं तिरकं, काठीचा तिसरा पाय करा आणि एका वेळी एकच पाय उचला. आणि पाणी उतरेपर्यंत थांबणं हा पण एक पर्याय आहे, बर्फाच्या ओढ्याला तर दुसऱ्या दिवशी पहाटे वाट मोकळी मिळते. एक रात्र थंडीत कुडकुडलेला माणूस आयुष्यभर ती गोष्ट रंगवून सांगतो.

धबधब्यापाशी पोचल्यावर काय. पहिलं म्हणजे थंडी वाजणार. उंचीने दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, ते वेगळंच, पण पडणारं पाणी स्वतःबरोबर वारा आणतं आणि तो वारा तुषार घेऊन येतो. तुम्ही घामाने भिजलेले, वर हे, आणि अंगात सुती टीशर्ट असेल तर तो वाळतच नाही. आठ-दहा अंशातसुद्धा ओला माणूस वाऱ्यात गारठतो, बोलणं अडखळायला लागतं, हातांनी चेन लागत नाही. तेव्हा सुती कपडे नकोत, सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा थर, आणि तो तुषारांच्या बाहेर येऊन घालायचा, आधी नाही. वाऱ्या-पावसाचं जॅकेट मात्र तुषारांत शिरायच्या आधीच.

दुसरं, डोहात उडी नाही. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी तोंड वाकडं करतं. फेसाळलेल्या पाण्यात हवा भरलेली असते, त्यामुळे ते तुम्हाला नेहमीच्या पाण्यासारखं वर उचलत नाही, चांगला पोहणारा पण त्यात जड होतो. धारेच्या बुडाशी पाणी गोल फिरून परत धारेकडेच ओढतं. खाली ओंडका आहे का दगड ते दिसत नाही. पाणी गार असेल तर आत पडल्या पडल्या श्वास आपोआप आत ओढला जातो, तो नेमका पाण्याखाली ओढला गेला की संपलं. आणि जो धबधबा एवढं पाणी टाकतो तो वरून दगड पण टाकतो, अधूनमधून, न सांगता. म्हणून अगदी धारेखाली उभं राहायचं नाही, जिथे ताजे, धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले दगड पडलेत तिथे जेवायला बसायचं नाही.

तिसरं कुणी सांगत नाही, ते म्हणजे आवाज. मोठ्या धबधब्यापाशी तीन पावलांवरच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. 'तिकडे जाऊ नको' हे ओरडून सांगता येणारच नाही, म्हणून आधीच हाताच्या खुणा ठरवा, थांब, ये, ठीक आहे, एवढ्या तीन पुरतात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, परत सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन.

फोटोचं एक सांगतो आणि पुढे जातो. धबधब्याचं तोंड कुठे आहे ते नकाशात बघा, पूर्वेकडे असेल तर सकाळचं ऊन मिळेल, पश्चिमेकडे असेल तर दुपारी. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीमागे घ्या, ते आपल्या सावलीच्या डोक्यापासून साधारण ४२ अंशावर गोल दिसतं, त्यामुळे ऊन वर आलेलं असलं तर वर आभाळात शोधू नका, खाली तुषारात बघा.

बुटांचं. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका हे सगळे सांगतात, मी म्हणतो माळ्यावर पडलेले जुने पण घालू नका. पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) तळ न वापरतासुद्धा हवेतल्या ओलाव्याने कुजत जातो, दिसायला बूट नवाकोरा आणि दुसऱ्या तासाला सोल टाळ्या वाजवायला लागतो. माझ्यासमोर एकाच ट्रेकमध्ये दोघांचे गेलेत, एकाचा डावा, एकाचा उजवा, वाईट वाटण्याऐवजी सगळे हसत सुटले. आदल्या आठवड्यात घालून दोन-तीन तास चाला, तळ बोटाने दाबून बघा, आणि सोल निघालाच तर बांधायला काठीला चार वेटोळे चिकटपट्टी गुंडाळून न्या. ओल्या कातळावर कुठलाही सोल जादू करत नाही, मऊ रबराचा जरा बरा धरतो, कडक रबर खोल नक्षीचं असलं तरी घसरतं, ती नक्षी चिखलासाठी असते. काळपट-हिरवी चकाकी दिसली की तिथे पाऊल नाही, खरबरीत कोरडा दगड बघून पाय टाका आणि पाऊल सपाट ठेवा, टाचेवर उतरू नका. वॉटरप्रूफ बुटाचं मला फारसं कौतुक नाही, ओढ्यात पाणी वरून आत गेलं की तेच बाहेर येत नाही. दोन जास्तीचे मोजे न्या.

पाणी ताशी साधारण अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. नऊ तासाला साडेचार लिटर, म्हणजे साडेचार किलो, एवढं पाठीवर नेण्यापेक्षा दोन लिटर न्या आणि वाटेत फिल्टर करून भरा. वाहतं पाणी स्वच्छ असतं हा गैरसमज आहे, वर जनावरं आहेत, माणसं आहेत. उकळायचं तर खळखळून १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जंतूंना पुरतात पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीला दाद देत नाहीत, त्याला फिल्टर किंवा उकळणं. आणि नुसतं पाणीच पाणी पीत बसू नका, घामातून मीठ जातं, वर नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस मळमळतो, डोकं धरतो, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतो. खारं काहीतरी दर तासाला तोंडात टाका, भूक लागायची वाट बघू नका.

आता तुमचा चौथा मित्र. त्याला न्या, पण आधी एक चाचणी घ्या, दोन आठवडे आधी १० किलोमीटर आणि ५०० मीटर चढाचं कुठलंही काहीतरी करून बघा, सॅक घेऊन. चढताना तो दम लागला तरी पूर्ण वाक्य बोलू शकतो का ते बघा, नसेल तर वेग जास्त आहे. आणि चढापेक्षा उतारावर लक्ष ठेवा, कारण गुडघे आणि मांड्या उतारावर जातात, चढताना ठणठणीत असलेली माणसं येताना एकेक पायरी बाजूने उतरताना दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता आला का ते फोन करून विचारा, हीच खरी परीक्षा. ट्रेकच्या दिवशी त्याला पुढे ठेवा, मागे नाही. मागे ठेवलं की काय होतं, पुढचे थांबतात, विश्रांती घेतात, तो धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी हे उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी चालेल आणि त्याच्या मागे कुणीच नसेल. दोघं वर, दोघं खाली अशी फूट पाडू नका, चौघांत एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी बसेल आणि दोघं मदत आणायला जातील, हे गणित चार असतानाच जमतं. धबधबा २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचं डोकं दुखणं धरून चला, दुखायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं.

फोन घरून निघतानाच एअरप्लेन मोडवर टाका, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, जीपीएसला नेटवर्क लागत नाही. मात्र खोल घळीत सिग्नल कड्यांवर आपटून येतो आणि ठिपका पन्नास-शंभर मीटर भलतीकडेच दाखवू शकतो, डोळ्यांना समोर वाट दिसत असेल तर ठिपक्यासाठी ती सोडू नका. आणीबाणीत कॉल लागत नसेल तर मेसेज करून बघा, क्षीण सिग्नलवर तो कधीकधी निसटून जातो. वाट चालू आहे का, परवानगी लागते का, हे आदल्या दिवशी तिथल्या वनखात्याकडून किंवा पार्ककडून विचारून घ्या.

दोरीचं राहिलं. ती बांधायची कशाला, कुणी धरायची, धरणारा सरकला तर काय, हे ज्याला येत नाही त्याच्या हातात दोरी म्हणजे एकाच्या जागी दोघांना ओढणारी वस्तू. ओढा ओलांडताना तर माणसाला दोरी बांधूच नका, प्रवाहात पडला की तीच दोरी त्याला पाण्याखाली धरून ठेवते. वाटेला दोरी लागणार असेल तर ती वाट या चौघांची नाही. तेवढ्या वजनात एक जास्तीचं जॅकेट आणि प्रथमोपचाराची पिशवी बसते.

आणि घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या, कुठून निघणार, कुठली वाट, चौघांची नावं, वळायची वेळ एक वाजता, साडेचारला खाली अपेक्षित, आणि रात्री आठपर्यंत मेसेज आला नाही तर कुणाला फोन करायचा तो नंबर. तुमच्या दोन तासांच्या शिल्लकीवर अजून दीड तास असा तो आठचा आकडा येतो. मग खाली पोचल्यावर बूट काढायच्या आधी त्या माणसाला मेसेज करा, आम्ही एकदा जेवून करू म्हणालो आणि तोपर्यंत तिकडे शोधपथकाला फोन गेला होता.